दोन उघडे डबे

“मारेन, पोरी, काल तुझ्या बाबाच्या टेबलावर दोन डबे उघडे होते. दोन!” तिच्या बाबाचा नेमबाजी क्लबातला मित्र वर्लिन शेडच्या दारात बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाला.

मारेन तेव्हा आपल्या लहानग्या लेकीचे, लिवचे, हात माझ्यापासून दूर धरण्यात गुंतली होती. ती हसली. “वर्लिनकाका, अख्ख्या खोऱ्याला ‘टेबलावर एकच डबा’ हे कुणी शिकवलं? बाबानेच ना? तुमचाच चष्मा बदलायला झालाय.”

“असेल बाई,” वर्लिन म्हणाला. टोपी कानांवर ओढून तो निघून गेला.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याकडे असतो तसा नाही. मी बंदुकीची बारूद तोलतो. माझं अंग ओतीव लोखंडाचं, वर हिरवा रंग. माझी दांडी खाचाखाचांची, अकिकाच्या दगडावर टेकलेली. माझ्या बशीत एक जास्तीचा कण पडला तरी दांडीचं टोक वर उचललं जातं. कारखान्यातल्या एका बाईने मला फुंकर मारून पाहिलं, मी थरथरलो आणि हळूहळू पुन्हा मधल्या रेषेवर आलो, तेव्हा कुठे तिने मला खोक्यात ठेवलं.

ते खोकं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बिटररूट खोऱ्यात, ऑरिन ट्वेटच्या घरी उघडलं गेलं. ऑरिन लाकूडगिरणीत करवतीवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी लांबच्या निशाणावर रायफल चालवायचा. काडतुसं मात्र विकतची नाहीत. वापरलेल्या पितळी पुंगळ्या तो घासूनपुसून लख्ख करी, प्रत्येकीत माझ्यावर तोललेला बारुदीचा बार भरी, वर गोळी बसवी. वाऱ्याचा, अंतराचा, दुर्बिणीचा हिशेब नंतरचा. सुरुवात माझ्यापासून होत असे.

त्याच्याकडे दोन प्रकारची बारूद होती. एक रायफलीची. ती सावकाश पेटते आणि गोळीला लांबवर ढकलत नेते. दुसरी पिस्तुलाची. ती भसकन पेटते आणि चिमूटभर पुरते. दुसरी बारूद पहिलीच्या मापाने रायफलीत भरली, तर रायफल फुटते. म्हणून नियम असा, की टेबलावर एका वेळी एकच डबा यायचा. काम संपलं की उरलेली बारूद त्याच डब्यात जायची, डबा कपाटात जायचा आणि मगच दुसरा खाली यायचा.

मारेन लहान असताना स्टुलावर उभी राहायची. तिला एकच काम होतं.

“नाव?” ऑरिन विचारायचा.

ती डब्यावरचं नाव ओरडून वाचायची.

“पुन्हा?”

“बाबा, तू बहिरा आहेस का?”

“गिरणीत तीस वर्षं घालवून बघ, मग सांग मला. पुन्हा!”

ती पुन्हा वाचायची आणि मगच झाकण निघायचं. ते दिवस मला फार प्रिय आहेत. एका उन्हाळ्यात ऑरिनने राज्याची स्पर्धा जिंकली. त्याच्या गोळ्यांची भोकं इतकी जवळजवळ पडली होती, की वर्लिनने त्यांवर कॉफीचा कप ठेवून ती झाकून दाखवली. लोक पाठ थोपटायला आले तेव्हा ऑरिन म्हणाला, “माझं काय कौतुक करता? घरी तो हिरवा बसलाय ना, त्याला सांगा.” बक्षिसाची ढाल माझ्या शेजारी लागली. मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

मग मारेन शिकायला मिसूला शहरात गेली आणि स्टूल रिकामं झालं. ऑरिनची बायको वारली. मारेन परत आली ती शाळेत शिक्षिका होऊन, कडेवर लिवला घेऊन. तिचा नवरा वणवे विझवणाऱ्या तुकडीत. उन्हाळाभर तो डोंगरातच असायचा. मारेन शाळेत असताना लिव दुपारी आजोबांकडे राहू लागली.

मारेनइतकी जपणारी आई मी पाहिली नाही. तिने शेडच्या प्रत्येक खणाला कडी लावली, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, कपाटाला कुलूप घातलं. “बाबा, किल्ली वर ठेव. अजून वर. तिथेही पोचेल ती.” तिची सगळी नजर जमिनीपासून दोन-अडीच हातांपर्यंत असायची, लिवची उंची जिथे संपते तिथपर्यंत. त्याहून वर, म्हणजे आपल्या बापाच्या चेहऱ्यापर्यंत, ती कधी गेलीच नाही. कशी जाईल? जपायचं कसं, हे ती त्याच्याकडूनच तर शिकली होती.

एका नाताळात तिने त्याला विजेवर चालणारा नवा काटा आणला. आकडे लखलखत दाखवणारा. मी फळीवर गेलो. तिथे गांधीलमाश्यांनी सोडून दिलेलं घर होतं आणि गंजलेल्या स्क्रूंची बरणी. माझ्या बशीत धूळ साचली. मी काही वर्षं तशीच काढली.

आणि एक दिवस ऑरिनने मला खाली उतरवलं.

“हे बटणांचं खेळणं लिवला दे,” तो मारेनला म्हणाला. “मला माझा हिरवाच बरा.”

मारेनने ही गोष्ट कौतुकाने सगळ्यांना सांगितली. मीही फुशारलो. पण ती येण्याआधी किती तरी वेळ ऑरिन त्या नव्या काट्याकडे बघत बसला होता. एक बटण दाबायचा, थांबायचा, दुसरं दाबायचा. शेवटी त्याने तो हळूच उपडा करून ठेवला. शून्यावर आणायचं बटण कोणतं, हे त्याला आठवत नव्हतं.

त्यानंतर वर्लिनने ते दोन डबे पाहिले. मारेनने हसण्यावारी नेलं खरं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लिवला घ्यायला आली, तेव्हा दारातच थबकली.

“बाबा, सगळं ठीक ना?”

“का? काय झालं?”

“काही नाही. वर्लिनकाका म्हणत होते...”

“वर्लिनला आपली बायको कोणती ते सांगावं लागतं,” ऑरिन म्हणाला. दोघं खळखळून हसली. सुटल्यासारखं हसली ती. बाबा ठीक नाही असं मान्य केलं असतं, तर लिवला उद्या दुपारी कुणाकडे सोडायचं? आणि मग बाबाला तरी कुणाकडे?

मित्रांनो, त्या दिवसांत ऑरिनने माझ्यावर जे बार तोलले ते अगदी चोख होते. दांडी रेषेवर, कण इकडचा तिकडे नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं. पण काट्याला वजन कळतं, वस्तू कळत नाही. टेबलावर दोन डबे होते. पिस्तुलाची उरलेली बारूद ऑरिनने रायफलीच्या डब्यात ओतली. काही वेळाने त्याच डब्यातून चमचा भरला आणि माझ्या बशीत रिकामा केला. मला वजन बरोबर लागलं आणि मी रेषेवर स्थिर झालो.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला शेडमध्ये आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. क्लबच्या मैदानावर ऑरिन पालथा झोपून नेम धरत होता. मारेन लिवच्या कानांवर मोठे कर्णरक्षक लावून मागच्या कठड्याशी उभी होती. पहिल्या काही गोळ्या नीट गेल्या. मग जो आवाज झाला, तो रायफलीचा नव्हता. वर्लिन आधी पोचला. त्याने आपला शर्ट काढून ऑरिनच्या तोंडावर दाबला. मारेन लिवचे डोळे झाकून उभी राहिली. तिला बापाकडे धावताही येईना आणि लेकीला सोडताही येईना.

ऑरिन वाचला. उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मारेन एकटीच शेडमध्ये आली. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, खणांच्या कड्या शाबूत होत्या, स्पंज जागच्या जागी. टेबलावर दोन डबे उघडे. तिने रायफलीच्या डब्यातली चिमूटभर बारूद पांढऱ्या कागदावर पसरली आणि दिवा खाली ओढला. रायफलीच्या बारुदीच्या बारीक काड्यांमध्ये पिस्तुलाच्या बारुदीच्या चपट्या टिकल्या होत्या. एक-दोन नाहीत, सगळीकडे. एकदा चुकून झालेलं नव्हतं ते. बरेच दिवस होत होतं. ती त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग जमिनीवरच बसली.

वर्लिन आला. त्याने ऑरिनने भरलेली, उरलेली काडतुसं निकामी करण्यासाठी एकेक करून खोलायला घेतली.

“काका, ओरडा ना माझ्यावर.”

“ओरडून काय होणार आहे?” वर्लिन पक्कड खाली न ठेवता म्हणाला. “दारातून सांगितलं आणि गेलो मी. थंडी वाजत होती म्हणून. आत येऊन बसायला हवं होतं.”

डॉक्टरांनी नंतर ऑरिनच्या विसरण्याला नाव दिलं. ते नाव तो स्वतःही विसरतो. तो आता मारेनच्या घरी राहतो. सकाळी उठतो, हाताकडे बघतो आणि विचारतो, “हे काय झालं गं?” ती सांगते. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा त्याचा चेहरा पडतो. हे रोज होतं. त्याला रोज नव्याने सांगायचं की नाही, यावर मारेन आणि तिच्या नवऱ्यात भांडण झालं. आता ती कधी सांगते, कधी म्हणते, “गिरणीत लागलं होतं, बाबा.” मग तो मान डोलावतो.

मला तिने स्वयंपाकघरात आणलं आहे. लिव माझ्या बशीत ओट्स टाकते. ऑरिन डाव्या हाताने दांडीवरचं वजन एकेका खाचेवर सरकवतो, चेहरा दांडीच्या पातळीवर आणतो, श्वास रोखतो. त्याची बोटं काही विसरलेली नाहीत. दांडी थांबते.

“छान,” तो म्हणतो. “आता कुठल्या रायफलीत भरायचं?”

“आजोबा, हे खायचंय!” लिव ओरडते. तो हसतो. मारेन पाठ करून नळ सोडते, बराच वेळ.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तेलाचा थेंब आणि स्वच्छ फडकं पुरतं. माणसांचं तसं नाही. यंदा क्लबचा मोसम सुरू झाला, तेव्हा मारेन मला घेऊन तिथे गेली. ती सगळ्यांना जे म्हणाली, तेच मी तुम्हालाही सांगतो आहे.

“तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल. वडील, काका, शेजारी. आयुष्यभर काटेकोर म्हणून नावाजलेला, आता एकटाच बसून काम करणारा. आज घरी जाताना वाट वाकडी करा आणि त्याच्याकडे जा. दारातून ‘ठीक ना’ विचारू नका. तो ठीकच म्हणेल. आत जा. कोट काढा. त्याचं हातातलं काम संपेपर्यंत बसा त्याच्याजवळ, आणि बघा. कृपा करून, आजच जा.”