डीलला दोन रात्री

रत्नाबाईंनी आयुष्यात कुणाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी इतकं थोडक्यात मागितलं, की ऐकणाऱ्याला भलतंच कळलं.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकाकडे त्यांचे सहा महिने संपत आले होते. नागपूरला परतताना वाटेत इंग्लंडला दोन दिवस थांबायचं, सोबत सून आसावरी जाणार, त्यांना मुंबईच्या विमानात बसवून ती परत येणार, असं ठरलं होतं. व्हिसाही हातात आला होता. "आई, काय बघायचंय ते लिहून ठेव," असं शैलेंद्र ऑफिसला जाता जाता म्हणाला, तर संध्याकाळी फ्रिजवर चिठ्ठी: 'लंडन नको. समुद्रावर डील बघणे. दोन रात्री. खिडकी समुद्राकडे.'

चिठ्ठी वाचून शैलेंद्रचा ऊर भरून आला. हा माणूस टूथपेस्टसुद्धा कूपनशिवाय घेत नसे.

"आईला सहा महिन्यांत अमेरिका कळली बघ," तो आसावरीला म्हणाला. "नाहीतर तू. नऊ वर्षं झाली, अजून सेल संपल्यावर दुकानात जातेस."

त्याने तीन संध्याकाळी लॅपटॉप मांडीवरून उतरवला नाही. चौथ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "आई, काम झालं. ब्राइटन. समुद्रासमोर हॉटेल, ब्रेकफास्टसकट. समुद्रात आत गेलेला पिअर, राजवाडा, सगळं चालत जाण्यासारखं. असं डील परत मिळायचं नाही."

रत्नाबाईंचा घास हातातच राहिला. "ब्राइटन?"

"समुद्र हवा होता ना?"

"हवा होता. पण डील म्हटलं होतं मी."

"अगं, डीलच आहे हे."

"हे डील नाही रे शैलू."

"आई, मी चौदा साइट्स कंपेअर केल्या. याच्यापेक्षा चांगलं डील असेल तर दाखव मला."

रत्नाबाईंनी काही दाखवलं नाही. "छान आहे हो," म्हणाल्या आणि ताकाची वाटी जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "आसावरी, माझं थेटच तिकीट केलं तर? उगाच तुझी धावपळ."

आसावरीने जुडी खाली ठेवली. चार महिने ही बाई इंग्लंडच्या हवामानाची चौकशी करत होती. छत्री नको, रेनकोट बरा, असं स्वतःच ठरवून मोकळी झाली होती. आणि आता थेट तिकीट?

"आई, ब्राइटनमध्ये वाईट काय आहे?"

"वाईट काय असणार. मोठं गाव असेल." त्यांनी दोन काड्या मोडल्या. "पण त्यांनी मला डीलला बोलावलं होतं."

"त्यांनी" म्हणजे सासरे, हे आसावरीला कळलं. डील हे गाव आहे, हे कळायला अजून एक मिनिट गेलं. मराठीत कॅपिटल अक्षर असतं तर हा घोटाळा झालाच नसता. शेजारी होमवर्क करत बसलेल्या लेकीने, अनिकाने, तेवढ्यात लॅपटॉपवर टाइप केलं आणि म्हणाली, "इट्स रिअल, मॉम. इन केंट. इट्स लाइक, टायनी."

रत्नाबाई खोलीत जाऊन एक निळं एअरलेटर घेऊन आल्या. घड्यांवर पारदर्शक टेप लावलेली. सासरे खाणीत इंजिनिअर. सहासष्ट साली केंटमधल्या एका कोळशाच्या खाणीत वर्षभराच्या ट्रेनिंगला गेले होते. रविवारी अंगावरचा काळा रंग घासून काढायचे आणि जवळच्या डीलला समुद्रावर जाऊन बसायचे. जुलैत बायको येणार, तिचं तिकीटही पाठवलेलं. म्हणून तिला काय काय दाखवायचं, याची ही यादी.

"मग गेला का नाहीत?"

"शैलू पोटात होता. पाचव्या महिन्यात त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे त्याला सांगायचं नाही हं. चाळीस वर्षांचा आहे, पण लगेच मनाला लावून घेतो."

आसावरीने शब्द दिला.

शनिवारी दुपारी रत्नाबाई वरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. आसावरीने नवऱ्याला एवढंच सांगितलं की डील हे गाव आहे. तो आधी हसला, मग वैतागला. "तिथे आहे काय पण? कुणी रिव्ह्यूसुद्धा लिहिलेला नाही."

"एक आहे," म्हणून तिने स्वतःकडेच राहिलेलं ते पत्र वाचायला घेतलं.

'पिअर लांब आहे, पण बसायला बाकं आहेत, तू दमणार नाहीस. किल्ला आहे. आपल्यासारखा नाही, चढावं लागत नाही. वाळू मुळीच नाही, सगळे गोटे. चपला नकोत, कॅनव्हासचे बूट आण. मिसेस पार्करांकडे समुद्राकडच्या खिडकीची खोली सांगून ठेवली आहे. तू अंडं खात नाहीस म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, पण टोमॅटो भाजून द्यायला कबूल झाल्या आहेत. हवा स्वच्छ असली तर पलीकडे फ्रान्स दिसतो म्हणतात. मला अजून दिसला नाही. तू आलीस की बघू.'

शैलेंद्रने हात पुढे केला. वडिलांचं अक्षर त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने पत्र वाचलं, उलटवलं, वरची तारीख पुन्हा बघितली. बारा जून सहासष्ट. त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात. आसावरी उगाच डाळीतले खडे शोधू लागली. डाळ पाकिटातली होती, खडा असायचं कारण नव्हतं.

त्याने ओट्यावर बोटं टेकवून महिने मोजले. अनिका पहिलीत असताना मोजायची तसे.

"म्हणजे मी," तो म्हणाला.

"मी काहीही बोललेले नाही," आसावरी म्हणाली. "मी शब्द दिलाय."

त्याने लॅपटॉप उघडला.

"ब्राइटनचे पैसे परत मिळणार नाहीत," तिने आठवण केली.

"असू दे."

मिसेस पार्करांचं घर आता कुठे सापडणार. पण समुद्रालगतच्या रस्त्यावर तीन खोल्यांचं एक गेस्टहाउस निघालं. त्याने थेट फोन लावला. पलीकडच्या बाईंना दोनदा विचारलं की खिडकीतून खरंच समुद्र दिसतो ना, नुसता तुकडा नव्हे. मग म्हणाला, की माझी आई अंडं खात नाही, तिला टोमॅटो भाजून मिळतील का. पलीकडून काय उत्तर आलं ते आसावरीला ऐकू आलं नाही, पण त्याने दोन वेळा थँक यू म्हटलं.

रत्नाबाई जिन्यावरून खाली येत होत्या. टेबलावरचं निळं पत्र बघून त्या थबकल्या, सुनेकडे पाहिलं. आसावरीने मान हलवली: मी नाही.

"आई," शैलेंद्र म्हणाला, "तुझ्या पायाचा नंबर काय गं?"

"पाच. काहून?"

"बूट आणायचेत. वाळू नाहीये म्हणे तिथे."