बदलीची लिंक

कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती. तिथे सहा जण दिवसभर स्क्रीनला डोळे लावून बसत. कंपनीच्या दोन हजार कॉम्प्युटरांत बाहेरचं कोण घुसतंय, आतलं काय बाहेर चाललंय, यावर त्यांची नजर असे. बाकीचे लोक त्यांना चौकीदार म्हणत. त्यातल्या एका चौकीदाराची ताई त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर मालाच्या पाठवणीचं काम पाहायची.

दर चार महिन्यांनी हे चौकीदार आपल्याच लोकांना एक खोटा मेल पाठवत. कोण फसतं ते बघायचं आणि फसणाऱ्याला दोन दिवस शिकवणीला बसवायचं. या खेपेला मेल लिहायची पाळी ताईच्या भावावर आली. बक्षीस लागलं, पासवर्ड संपला, असल्या मेलना आता कुत्रंही विचारत नव्हतं. त्यानं डोकं लढवलं आणि लिहिलं, 'तुमचा बदलीचा अर्ज मंजूर झाला आहे. आदेश पाहण्यासाठी येथे क्लिक करा.' साहेबांनी पाठ थोपटली. पठ्ठ्या खूश.

हे आपल्याला सुचलं कुठून, एवढं मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही. ताईचा नवरा आणि सहा वर्षांची चिमी दुसऱ्या शहरात राहत होते. ताई चार वर्षं बदलीसाठी अर्ज करत होती आणि दुपारी डबा खाताना रोज त्याला तेच ऐकवत होती. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

मेल कोणाला जाणार, ती दोनशे नावं मशीनच काढायचं. सकाळी नऊला मेल सुटले. नऊ वाजून चार मिनिटांनी लिंक दाबणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव उमटलं, ते ताईचं.

लोकांनी एकमेकांना सावध करू नये म्हणून खरं काय ते संध्याकाळी पाचलाच कळवायचं, असा नियम होता. तोवर लिंक दाबली, की नुसतं 'कृपया थांबा' एवढंच दिसे. ताई कसली थांबते? तिच्या नावापुढचा आकडा दोन झाला, तीन झाला, सात झाला. त्याला वर बसून प्रत्येक क्लिक दिसत होता आणि करता काहीच येत नव्हतं. एकीला तेवढं सांगू का, असं त्यानं साहेबांना विचारून पाहिलं. एकीला सांगितलं की दोनशेंना कळतं, असं म्हणून साहेब आपल्या कामाला लागले. आणि सांगून तरी काय होणार होतं? पाचला मोडायचं मन दहाला मोडलं असतं, इतकंच.

दुपारी ताई डबा घेऊन आली. इतकं हसताना त्यानं तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिनं भाऊजींना फोन केला होता, भाऊजींनी शाळेच्या फाटकातच चिमीला सांगितलं होतं, आणि आता आई रोज आपल्याला सोडायला येणार, हे चिमीनं वर्गभर करून टाकलं होतं.

ताईनं फोन त्याच्यापुढे सरकवला.

"आदेश काही उघडत नाही बघ. अकरा वेळा दाबून झालं. तू नेटवर्कचा माणूस ना? लावून दे ना जरा."

त्यानं फोन हातात घेतला. स्वतःच लिहिलेल्या दोन ओळी त्यानं पहिल्यांदाच नीट वाचल्या.

"थांबावं लागेल, ताई."

"किती?"

"पाचपर्यंत."

"चार वर्षं थांबले रे. चार तासांचं काय घेऊन बसलास?" असं म्हणत तिनं आपल्या वाटणीची भाजी त्याच्या झाकणात वाढली. आज तिला भूकच नव्हती म्हणे. त्यानं खाली मान घालून ती सगळी संपवली.

तो वर जाऊन खुर्चीत बसला, तेव्हा आकडा बारा झाला होता.