हातात सापडलेलं बदक

"अब्बा, हात नका लावू, मोजतील ते," शारीक गाडीजवळून ओरडला. तोवर हुसेनमियाँ गुडघाभर पाण्यात शिरला होता.

सौदीतल्या हुफूफबाहेरच्या या तळ्यावर यंदा शिकारीला जातीवार मर्यादा आली होती. हिरव्या मानेची बदकं माणशी चार, आणि ठिपक्यांचं करडं बदक एकही नाही. नियम चांगलाच होता. करडी बदकं खरोखर संपत आली होती. पण मोजणी व्हायची ती हातातल्या पाखरांची. मग शिकारीही हुशार झाले. करडं चुकून पडलं की ते पाण्यातच ठेवून हात झटकायचे.

आज मालकाच्या, कफील अबू माजिदच्या, छऱ्यांनी करडं पाडलं आणि तो तसाच पुढे गेला. पंख मोडलेलं पाखरू लव्हाळ्यात तडफडत राहिलं. हुसेनमियाँ त्याचा वीसेक वर्षांपासूनचा स्वयंपाकी, मूळ दापोलीकडचा. त्याच्याच्याने ती फडफड ऐकवेना. बिस्मिल्ला म्हणून त्याने सुरी फिरवली आणि पाखरू घेऊन काठावर आला, तर समोर तपासनीस आणि त्याच्याजवळ कफील.

"हे कुणी मारलं?"

हुसेनमियाँने कफीलकडे पाहिलं. कफीलने तळ्याकडे पाहिलं.

शारीक धावत आला. "अब्बा, खरं काय ता सांगा. नायतर मी सांगतो."

"गप रव. तुझा हितं रवायचा इकामा पण त्याच्याच हातात हाय. तुझ्या इफराची शाळा हाय." मग तो तपासनिसाला अरबीत म्हणाला, "मी."

परदेशी माणसाला यासाठी मायदेशी धाडतात, परत येऊ देत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. बायको सफूरा वारल्यापासून दापोलीचं घर बंदच होतं. त्याचं जे काही उरलं होतं, ते इथेच, नात इफरापाशी. तपासनिसाने नाव लिहून घेतलं.

दुपारी जेवताना कफीलने त्याला आपल्या शेजारी बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भातावरची सगळ्यात चांगली तंगडी स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "खा." शारीक गाडीतच बसून होता, बोलावूनही आला नाही.

हुसेनमियाँने घास घेतला. भात त्यानेच शिजवला होता, मीठ कमी पडलं होतं. एरवी तो ओशाळून उठला असता, माफी मागितली असती. आज तो बसून राहिला आणि सावकाश, पोटभर जेवला.