दोन मिनिटांचं इंजिन

बद्रीनाथनं इंजिनाच्या तिसऱ्या बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या गोल पोकळीच्या, भिंतीवर डिझेलचा बोळा फिरवला, फडक्यानं भिंत कोरडी पुसली आणि मुठीतली खडूची पूड तिच्यावर फुंकली. मग तो मागं सरकून स्टुलावर बसला. इथं घाई करून उपयोग नसतो. चीर असेल तर तिच्या पोटात शिरलेलं डिझेल आपणहून बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर स्वतःचं चित्र काढतं. थोड्या वेळानं भिंतीवर वीतभर लांब, केसासारखी काळी रेघ उमटली.

"हाय," तो म्हणाला.

समोरच्या बाकावर बसलेल्या तात्यासाहेबांनी नुसती मान हलवली. सत्तरीचा माणूस, कन्नडच्या अलीकडच्या गावातला. ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून पिकअपमध्ये घालून ते सकाळीच मोंढा नाक्यामागच्या या गल्लीत आले होते. त्यांच्या पायांखाली गोणपाटाचं एक गाठोडं होतं आणि चहा पितानाही त्यांनी त्यावरचा पाय काढला नव्हता.

"रेस कोणी दिली एवढी?"

"म्या."

"तुम्ही? ह्या वयात?"

"रिकाम्या रानात दिली. उभ्या उभ्या. फाटकन आवाज झाला."

तात्यासाहेबांनी वाकून गोणपाटाची सुतळी सोडली. आत टर्बो होता. इंजिनाच्या धुरावर गरगरत इंजिनातच जास्तीची हवा कोंबणारं ते यंत्र ट्रॅक्टरला एरवी नारळाएवढं असतं. हे चांगलं टरबुजाएवढं होतं, दहा चाकी ट्रकचं.

"सोमनाथचा हाय," ते म्हणाले. "गोठ्यात कडब्याखाली दडवून ठेवला होता. तेराव्यानंतर घावला. तोच लावून रेस दिली."

बद्रीनाथनं हातातलं फडकं उगाच घडी घालून ठेवलं. तात्यासाहेबांचा मुलगा सोमनाथ त्याला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी, ट्रॅक्टरला ट्रकचा टर्बो बसेल का, हा प्रश्न घेऊन तो या बाकावर बसला होता. लासूर स्टेशनच्या माळावर अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, ट्रॅक्टरांची ओढ लागते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं बांधतात, आणि जो दुसऱ्याला आपल्याकडं ओढत नेईल तो जिंकला. दोन मिनिटांचा खेळ. सोमनाथला त्यात उतरायचं होतं. पण गेल्या दिवाळीनंतर डेंग्यूनं त्याला चार दिवसांत नेलं. वय एकतीस.

"त्यानं मला इचारलं होतं," तात्यासाहेब म्हणाले. "म्या म्हणलो, ट्रॅक्टर नांगराला हाय, तमाशाला नाय. पुन्हा त्यानं तोंड उघडलं नाय. आता ही आखाजी सोडायची नाय, मिस्त्री. काय करायचं ते करा, पण हाच टर्बो बसवून द्या."

"बोअर वाढवून आत लोखंडी नळी, जाड स्लीव्ह ठोकतो. चीर गेली समजा. पण एवढी हवा कोंबली तर भिंती पुन्हा फुगणार. आज तिसरी गेली, उद्या पहिली जाईल."

"मग?"

बद्रीनाथला उत्तर माहीत होतं, ते द्यायची इच्छा नव्हती. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याच्या, सपाट माथ्यावर बोअरांच्या भोवती बोटभर रुंद भोकं असतात. त्यांतून पाणी आत खेळतं आणि इंजिन गार राहतं. त्यानं त्यातल्या एका भोकावर बोट ठेवलं.

"ही पाण्याची जागा पुरती भरून टाकायची. मोठ्या मशिनींच्या पायात ओततात ना, ते लोखंडी सिमेंट. मग भिंती हलत नाहीत, हत्ती बसवा. पण पाणी कायमचं बंद. दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, गार होऊ द्यायचं. नांगराला पुन्हा कधी लावता येणार नाय. एकदा भरला की उलटं काम नाही, तात्यासाहेब. छिन्नीनंही निघत नाही."

तात्यासाहेबांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"भरा," ते म्हणाले.

*

बद्रीनाथच्या हाताबद्दल त्या गल्लीत बरंच बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं त्यानंच पसरवलेलं आहे. त्यानं घासलेल्या सिलिंडरमध्ये डोकावून लोक दाढी करतात. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफेत त्यानं एकदा बोट घातलं आणि बोअर दोन सूत वाकडा आहे असं जागच्या जागी सांगितलं. तेव्हापासून आजवर कुणी ती तोफ मोजायला गेलेलं नाही, त्यामुळं ते खरंच धरून चालायला हवं.

पण त्या आठवड्यात तो गप्प होता. त्यानं बोअर वाढवला, स्लीव्ह बर्फात ठेवून आकसवली आणि एका दमात आत बसवली. नव्या टर्बोला तेल जास्त लागतं, आणि ते तेल आपल्या वजनानं खाली परत यायला हवं. म्हणून त्यानं ब्लॉकच्या कुशीत अंगठ्याएवढं नवं भोक पाडून त्याला आटे पाडले. काम चोख होत होतं. समोरच्या चहाच्या गाड्यावरून गोजरबाई पाहत होती. ग्लास आणून ठेवताना ती म्हणाली,

"काय ओ, चार दिस झाले, एकबी थाप नाय. तब्येत बरी हाय ना?"

"दात दुखतोय."

"ही पयली मारली. बरं वाटलं."

पाचव्या दिवशी दुपारी तनुजा आली, सोमनाथची बायको. कन्नडच्या एसटीनं येऊन स्टँडवरून चालतच आली असावी, चपला धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. बद्रीनाथनं तिला एकदाच पाहिलं होतं, तेही सोमनाथच्या मागं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली. तिनं बाकावर बसायचं नाकारलं आणि सरळ ब्लॉकपाशी गेली.

"हाच का, काका?"

"हाच."

तिनं पाण्याच्या भोकात करंगळी घातली. करंगळी सहज गेली. बद्रीनाथनं तिचा हात पाहिला. तळव्याच्या कडेला स्टिअरिंगचे घट्टे होते, नखांत जुनं ग्रीस होतं. नवरा गेल्यापासून नांगरट तीच करत होती, घरचीही आणि गावातल्या लोकांचीही. हे तात्यासाहेबांनी सांगितलं नव्हतं. हातानं सांगितलं.

"यातून पाणी जातं?"

"जातं."

"आन् भरल्यावर?"

"भरल्यावर दोन मिनिटं."

बद्रीनाथनं मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती. ती म्हणेल, काका, भरू नका. मग तो म्हणेल, बरं पोरी. तात्यासाहेबांना म्हणेल, सिमेंट मिळालं नाही, मशीन बिघडली, दात दुखतोय. थापांना तोटा नव्हता.

"पुरता भरा," तनुजा म्हणाली.

"अगं पण नांगरट?"

"बारा एकर लोकांची सांगून ठेवलीय. त्यांना नाय म्हणीन. आपलं भाड्यानं करून घीन. बघीन काय तरी." तिनं करंगळी पदराला पुसली. "मामा रोज दिवेलागणीला तो टर्बो पुसत बसायचे. रॉकेल लावून, चिंधीनं. बोलत नायत. जेवताना घास हातात तसाच राहतो. त्यांनी नाय म्हणलं होतं ना ह्यांना, ते त्यांच्या गळ्यात अडकलंय. तेवढं तरी खाली उतरू द्या."

सासऱ्यांना ती मामाच म्हणायची, आणि त्या शब्दात सून असल्याचा धाक नव्हता, आजारी माणसाची काळजी होती.

"त्यांना ठाऊक हाय का, तू आलीस ते?"

"नाय. सांगूबी नका. स्टँडला कामाला जाते म्हणून सांगितलंय."

"स्टँडला कसलं काम गं?"

"सुचलं नाय दुसरं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "मला तुमच्यासारखं जमत नाय. हे म्हणायचे, बद्रीकाकांची थाप ऐकायला तिकीट लावलं पायजे."

चहा न घेता ती निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथनं ब्लॉक पातळीत बसवला. बोअर गोल राहावेत म्हणून माथ्यावर जाड पोलादी पट्टी आवळली, तिच्या भोकांतून खाली पाण्याच्या भोकांत नरसाळी लावली. सिमेंट त्यानं बादलीत हातानं कालवलं, धिरड्याच्या पिठाएवढं सैल. मग ओतायला सुरुवात केली. एक भांडं ओतायचं, लाकडी हातोडीनं ब्लॉकला चारी बाजूंनी टकटक करायचं, बुडबुडे वर येऊ द्यायचे, पुन्हा एक भांडं. करडं पीठ आत सावकाश पसरत होतं, भिंतींच्या पायांशी चढत होतं.

निम्म्यावर आल्यावर त्याचा हात थांबला.

त्यानं भांडं तसंच धरून ठेवलं. बादलीत अजून तेवढंच पीठ होतं आणि ते फार वेळ थांबणार नव्हतं. निम्मा भरलेला ब्लॉक चालतो. खालून भिंतींना आधार मिळतो, वर पाणी खेळत राहतं, नांगर ओढता येतो. फक्त एवढ्या मोठ्या टर्बोचा सगळा जोर त्याला सोसत नाही. म्हणजे टर्बोला दावं बांधायला हवं. त्याच्या बगलेत एक झडप असते, तिचा स्क्रू सैल केला की जास्तीची हवा बाहेर पळून जाते. टर्बो दिसेल मोठा, ओढेल जुन्याएवढंच. लासूरच्या माळावर सोमनाथचा ट्रॅक्टर साखळीला बांधलेला दिसेल, आणि तो हरेल.

बद्रीनाथनं बादली उचलली. त्याच्या लेथचा एक पाय सात वर्षं डुगडुगत होता. उरलेलं सगळं सिमेंट त्यानं त्या पायाखाली ओतलं. त्या दिवसापासून तो लेथ असा ठाम उभा आहे की उद्या मोंढा नाका हलेल, पण लेथ हलणार नाही.

मग त्यानं टर्बोचा स्क्रू सैल केला, जागा कळावी म्हणून त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले.

*

त्यानंतर चौथ्या दिवशी तात्यासाहेब पिकअप घेऊन आले. आज त्यांनी धोतराऐवजी ठेवणीतला पायजमा घातला होता.

"भरला?"

बद्रीनाथनं जन्मभरात मारलेल्या थापा एकीपुढं एक मांडल्या असत्या तर रांग अजिंठ्यापर्यंत गेली असती. पण त्यांतली एकेक थाप अशी होती की ऐकणाऱ्यालाही ती थाप आहे हे ठाऊक असायचं. तेवढ्यासाठीच तर लोक बसायचे. ही पहिलीच अशी होती की ती खरी वाटायला हवी होती.

"भरला," तो म्हणाला.

"पुरता?"

"पुरता. म्हणजे असा की, एकदा काय झालं, चिकलठाण्याला एकानं ब्लॉक भरून आणला, तर त्याच्यावर वीज पडली, आणि…"

तात्यासाहेब ऐकत नव्हते. ते ब्लॉकपाशी गेले होते. चष्मा सावरून त्यांनी एका भोकात पाहिलं. आत अंधार होता. कोपऱ्यात झाडू उभा होता. त्यातली एक लांब काडी त्यांनी उपसली आणि शेतात ओल पाहायला काठी खुपसतात तशी भोकात सोडली. काडी गेली. गेली, आणि मग टेकली. तिथं त्यांनी ती चिमटीत धरली, बाहेर काढली आणि आपल्या तळहाताला लावून पाहिली.

पंजाभर.

बद्रीनाथनं विजेची गोष्ट मध्येच सोडली. गल्लीत कुणीतरी रिक्षाचा हॉर्न तपासत होतं, पुन्हा पुन्हा.

तात्यासाहेबांनी काडी परत झाडूत खोचली, ती बाहेर डोकावू नये म्हणून हातानं दाबली. टर्बोवरून एकदा बोटं फिरवली. स्क्रूवर घातलेला लाल रंगाचा ठिपका त्यांना दिसला असेल किंवा नसेलही.

"आखाजीला नेणार ना लासूरला?" बद्रीनाथनं विचारलं. "तिथं फार… म्हणजे समोरचा दांडगा असला तर…"

"नेणार. वढंल तेवढं वढंल."

दोघा हमालांनी ब्लॉक पिकअपमध्ये चढवला. तात्यासाहेबांनी टर्बो मात्र मागं ठेवू दिला नाही. तो मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले, दार ओढून घेतलं, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, इंजिन जोडल्यावर पाणी किती घालायचं?"

बद्रीनाथनं फडक्यानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"आधी लागायचं त्याच्या निम्मं," तो म्हणाला.

तात्यासाहेबांनी मान हलवली. पिकअप दोन हात पुढं सरकली आणि थांबली.

"तनुजाला फोन करून सांगा तेवढं," ते म्हणाले. "मला ध्यानात राहत नाय. आन् नांगराला चालवणारी ती हाय."