पपनसाला सुरी नाही

तैवानमधल्या काओश्युंग शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवणाऱ्या च्यू गुओशंगच्या सहनशीलतेचं फार कौतुक होतं. शिकाऊ माणसानं गाडी खांबावर नेऊन घातली, तरी तो नुसतं "पुन्हा मागे घ्या" म्हणायचा. बायकोवर हात उचलल्याबद्दल न्यायालयानं त्याला घरापासून लांब राहायला सांगितलं आणि पाठोपाठ घटस्फोट झाला, तेव्हा सहकाऱ्यांना वाटलं, हा दुसराच कुणी च्यू असणार.

झालं ते झालं, असं तो स्वतः म्हणे. मुलीला मात्र आपण कधी बोटही लावलं नाही, हे तो भेटेल त्याला सांगे. जणू त्याचं बक्षीस यायचं राहिलं होतं.

नऊ वर्षांच्या हानयिंगला, म्हणजे या मुलीला, तो न्यायालयानं ठरवून दिलेल्या एका केंद्रातल्या खोलीत भेटायचा, समाजसेविका फान बाईंच्या देखत. आजची भेट नीट पार पडली, तर शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला तिला आजोबांकडे एकट्यानं न्यायची परवानगी मिळणार होती. त्या रात्री आजोबांच्या गल्लीतली सगळी बिऱ्हाडं दारासमोर शेगड्या मांडून मांस भाजत बसायची.

आज तो पपनस घेऊन आला होता. सणाचं पपनस बापानं सोलायचं आणि सालीची टोपी मुलीच्या डोक्यावर ठेवायची, हे ठरलेलं. त्यासाठी आणलेली सुरी दारातच काढून घेतली गेली.

"नियम आहे, च्यू साहेब," फान बाई म्हणाल्या.

"मग काय दातांनी सोलू?"

हे त्यानं हसत विचारलं. फान बाईही हसल्या. त्यानं नखं रोवली. साल जाड, तुकडे तुकडे निघू लागले, टोपीची काही लक्षणं दिसेनात. तो शाळेचं विचारत होता, हानयिंग शहाण्यासारखी उत्तरं देत होती. तेवढ्यात फान बाईंनी मदत म्हणून प्लास्टिकचा चमचा पुढे केला आणि तिथं बिनसलं.

"चमचा? एक सुरी दिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? मी काय दरोडेखोर आहे?"

आवाज चढला. फार नाही, जरासाच.

हानयिंग उठली. तिनं एका खिडकीची काच सरकवून कडी घातली, मग दुसरीची. पंखा मोठा केला आणि जागेवर येऊन बसली. चेहऱ्यावर काही नाही. संध्याकाळी दिवे लावावेत, तसं.

गुओशंगला भरून आलं. "बघा," तो फान बाईंना म्हणाला, "बापाला घाम फुटलाय, हे पोरीला बरोबर कळलं."

"थंडी वाजतेय का ग?" फान बाईंनी मुलीला विचारलं.

"नाही मावशी. आता बाबा बोलले तरी चालेल. शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही."

गुओशंग पपनसाकडे बघत राहिला. त्या दिवसांत घरच्या खिडक्या कोण लावायचं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या लागलेल्या असत, एवढंच त्याला आठवत होतं.

सणाला बाबांबरोबर जायचंय का, असं फान बाईंनी विचारल्यावर हानयिंग लगेच हो म्हणाली. मग बापाकडे वळली.

"आजोबांकडे आपण बाहेर रस्त्यावरच बसणार ना?"

"हो. सगळी गल्लीच बसते."

तिनं थोडा विचार केला. "मग तिथं काय लावायचं, बाबा?"

गुओशंगनं हातातली साल खाली ठेवली.

"सणाला राहू दे," तो फान बाईंना म्हणाला. "आम्ही इथंच भेटू. पुढच्या महिन्यातही."

हे त्यानं शिकवणीच्या गाडीतल्या आवाजात सांगितलं. तो आवाज त्याच्याजवळ पहिल्यापासून होता. अनोळखी लोकांसाठी तो रोज दिवसभर वापरत आला होता.

मग त्यानं उठून एक खिडकी उघडली. रस्त्यावरच्या स्कूटरींचा गलका आत आला. हानयिंगनं पपनसाची एक फोड घेतली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठता येईल अशी बसून ती खात राहिली.