दुधरामची रेघ, उदारामची रेघ

मुलांनो, जरा डोळे मिटा. देवरीकडचं एक गाव आणा मनात. शेताला शेत लागलेलं, धान लोंब्यांवर आलेलं, आणि वरच्या अंगाला दोन बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. एक दुधरामची, एक उदारामची. शेवटची बांदी, म्हणजे बांधानं घेरलेला धानाच्या शेताचा तुकडा, निर्मलाबाईची. तिला स्वतःची बोडी नाही. म्हणून गावाची रीत अशी, की ज्याच्या बोडीत पाणी जास्त, त्यानं तिच्या धानाला पाणी द्यायचं.

आता आठवडाभर पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर सगळा पोचा. आणि आपलं पाणी भराभर उतरतंय म्हणून दुधराम बोडीचं तोंड बंद करायला निघालेला.

निर्मलाबाईची मुलगी रेणू दहावीत. तिनं सोमवारी पाणी मोजलं. दुधरामकडे दहा फूट, उदारामकडे सात. मंगळवारी आठ आणि सहा. आलेखाच्या कागदावर दोन रेघा पुढे ओढल्या, त्या गुरुवारी चार फुटांवर एकमेकींना मिळाल्या. म्हणजे गुरुवारपर्यंत दुधरामची पाळी, पुढे उदारामची. कागद घेऊन ती चावडीवर जमलेल्या दुधराम, उदाराम आणि गावकऱ्यांकडे गेली.

बारीक चौकटी, त्यावर तिरप्या रेघा. असा कागद त्या माणसांनी जन्मभर एकाच कामासाठी पाहिला होता, शेताच्या मोजणीसाठी, धुरे म्हणजे शेतांच्या हद्दी दाखवायला.

"हा धुरा माझ्या बांदीतून कायले नेला वो?" दुधराम ओरडला.

"तुझ्या? तो तं माझ्याच शेतात घुसून रायला!" उदाराम उठून उभा राहिला.

"काकाजी, नकाशा नोहे हा," रेणू म्हणाली. "पाण्याच्या रेघा आहेत."

"पाण्यावर रेघ रायते काय? शाळेत हेच शिकवतेत?" दुधराम म्हणाला.

धुऱ्यांची भांडणं मिटवण्यात केस पांढरे झालेले पंच दुर्गाप्रसाद मध्ये पडले. "धुऱ्यानं धुरा कापला की कोर्टकचेरी आलीच. पोरी, दोन्ही रेघा बाजूबाजूनं काढ. एकमेकीले लागल्या नाही पायजे."

"मंग उत्तरच येणार नाही, आबाजी."

"उत्तर कोणाले पायजे? शांती पायजे."

रेणूनं दोन समांतर रेघा काढल्या, दुधरामची वर, उदारामची खाली. दोघांनी आनंदानं सह्या केल्या. आपलं पाणी कायम उदारामपेक्षा जास्तच राहील, हे दुधरामनं असं लिहून दिलं, आणि वर सगळ्यांना चहा पाजला.

बोडीला मात्र सही ठाऊक नव्हती. शुक्रवारी सकाळी दुधराम डोकं धरून काठावर बसला. उद्या त्याची बोडी कोरडी पडणार होती, आणि निर्मलाबाईच्या धानाला अजून चार दिवस पाणी हवं होतं. उदाराम सही केलेला कागद नाचवत होता. "तुझी रेघ वर आहे, दे पाणी!"

सलवार खोचून रेणू दुधरामच्या बोडीत उतरली. पाणी गुडघ्याच्या जरा वर लागलं. बाहेर आली, सगळ्यांच्या देखत उदारामच्या बोडीत उतरली. पाणी कमरेला लागलं. तशीच ओल्या कपड्यांनी ती बांधावर चढली आणि उदारामच्या बोडीचं तोंड उघडलं.