कोपऱ्यातली चौकट

या, सरकून बसा; एका ठिपक्याएवढ्या बेटाची गोष्ट सांगतो. नकाशे काढणाऱ्या ताईचा भाऊ तिथलं दीपगृह सांभाळायचा. नव्या नकाशाचे पूर्वखंड आणि पश्चिमखंड असे दोन भाग होते, आणि दोन्हींत बेटच नव्हतं.

पूर्वखंडाचे साहेब म्हणाले, "ते पश्चिमवाल्यांचं."

पश्चिमखंडाचे म्हणाले, "छे, पूर्वेचंच!"

"अहो, तुमच्या टोलवाटोलवीत माझा भाऊ बुडाला की! कोपऱ्यात चौकट करून तरी बेट दाखवा," ताई म्हणाली.

"तिथे रंगांची सूची आहे, ताई."

आणि छपाई सुरूही झाली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "यंदा तरी आहे ना मी नकाशात? की त्रिशंकूच?"

ताईने समोरचा छापील नकाशा उलटा करून ठेवला.

"असू दे," तो म्हणाला, "दिवा लावायची वेळ झाली."

बाबांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दिवेवाल्याची आठवण ठेवा.